मानवशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी विद्यापीठ कसे निवडावे?

(बौद्ध पालक व विद्यार्थी ह्यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. वकिली, वैद्यकी, इंजिनियरिंग ह्या विद्यांची चर्चा आपल्या घरांतून होत असते. मानवशास्त्राचे नाव मात्र क्वचितच निघते. आणि एखाद्या मुलाने किंवा मुलीने पदवी मिळविल्यानंतर ह्या शास्त्राचे नाव काढलेच, तर तिच्या आईवडिलांपुढे एकदम तीन प्रश्न उभे राहतात. हे शास्त्र आहे तरी काय? ते शिकून पोट भरेल काय? आणि त्यासाठी कोणत्या विद्यापीठात जावे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देऊन तिसऱ्या प्रश्नाचा विचार मला आज विस्ताराने करावयाचा आहे. कारण विद्यापीठाची निवड चुकली, तर तिची किंमत विद्यार्थी आपल्या उमेदीच्या पाच-सात वर्षांनी फेडतो आणि त्याचे कुटुंब ती कर्जाच्या हप्त्यांनी फेडते.

मानवशास्त्र म्हणजे मनुष्यप्राण्याचा सर्व अंगांनी केलेला अभ्यास. त्याच्या चार शाखा सांगण्याची पद्धत आहे. मनुष्याच्या शरीराचा व उत्क्रांतीचा अभ्यास ही एक, त्याच्या समाजरचनेचा व संस्कृतीचा अभ्यास ही दुसरी, जमिनीखाली गाडल्या गेलेल्या अवशेषांवरून भूतकाळ वाचणारे पुरातत्त्व ही तिसरी, आणि भाषेचा अभ्यास ही चौथी. हे शास्त्र शिकलेली माणसे महाविद्यालयांत शिकवितात, वस्तुसंग्रहालयांत काम करतात, आरोग्य व विकास खात्यांच्या पाहण्या करतात. १९४५ साली स्थापन झालेले भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण हे सरकारी खाते ह्याच शास्त्राच्या आधारावर चालते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतही हा वैकल्पिक विषय आहे. तेव्हा हा मार्ग अगदीच उपाशी ठेवणारा नाही. तो श्रीमंत करणारा मात्र नाही, हेही आरंभीच सांगून ठेवलेले बरे.

आपण ह्या शास्त्राकडे लक्ष का द्यावे, ह्याचे कारण वेगळे आहे. ह्या शास्त्राने आपल्याकडे फार पूर्वीच लक्ष दिलेले आहे. १९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले ह्यांनी हिंदुस्थानातील जातीजातींच्या लोकांची नाके मोजविली आणि नाकाच्या मापावरून जातीची उच्चनीचता व वंश ठरविण्याचा खटाटोप केला. ज्यांची नाके मोजली गेली, त्यांना त्या मोजणीविषयी काय वाटते, हे कोणी विचारले नाही. ज्यांच्याविषयी लिहिले गेले, त्यांच्या हाती लेखणी नव्हती. मराठीत ह्या शास्त्राला पुष्कळ दिवस मानववंशशास्त्र म्हणत आले. त्या नावातला ‘वंश’ हा शब्द त्याच काळाची आठवण देतो.

पुढे १९४८ साली बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी ही मापे टाकून दिली नाहीत. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे प्राध्यापक डॉ. घुर्ये ह्यांनी मांडलेली मापेच त्यांनी पुढे घेतली आणि त्याच आकड्यांवरून दाखवून दिले की, ब्राह्मण व अस्पृश्य हे वंशाने भिन्न आहेत हे मत टिकत नाही. आकडे तेच होते. प्रश्न विचारणारा बदलला आणि उत्तर बदलले. विद्यार्थी मित्रहो, विद्यापीठ निवडताना ही गोष्ट मनात धरा. मी आज जे सांगणार आहे, त्याचे सार एवढेच आहे की, जेथे तुमचा प्रश्न तुमच्या हाती राहील, ते विद्यापीठ तुमचे. बाकीची कीर्ती दुसऱ्यांची आहे.

ह्याचे एक थोर उदाहरण आपणा सर्वांना ठाऊक आहे. परंतु विद्यापीठ निवडण्याच्या दृष्टीने त्याकडे आपण सहसा पाहत नाही. बाबासाहेब १९१३ साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. तरीही ९ मे १९१६ रोजी त्यांनी जातिसंस्थेवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला, तो मानवशास्त्राचे अध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर ह्यांच्या चर्चावर्गात. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर ह्या नावाजलेल्या पंडितांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या आणि जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, हे आपले मत मांडले. पुढच्याच वर्षी, १९१७ साली, तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’ ह्या नियतकालिकात छापून आला.

ह्या प्रसंगातून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली ही की, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मानवशास्त्राच्या वर्गात बसण्याची त्या विद्यापीठात मोकळीक होती. दुसरी ही की, त्या विभागाचे वातावरण. कोलंबियाचा मानवशास्त्र विभाग उभारणारे फ्रान्झ बोआस हे वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेचे कडवे टीकाकार होते. परदेशांतून अमेरिकेत आलेल्या लोकांच्या मुलांची डोकी मोजून, परिस्थिती बदलली की शरीराची मापेही बदलतात, असे त्यांनी त्याच सुमारास दाखविले होते. गोल्डनवायझर त्यांचेच शिष्य. ज्या विभागात वंशाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारले जात होते, तेथे जातीला प्रश्न विचारणाऱ्या तरुणाचे ऐकले गेले, हा केवळ योगायोग नव्हे. तिसरी गोष्ट ही की, शिष्यवृत्तीला अटी होत्या. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, असा करार होता, आणि मुदत संपताच १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. तेथे पुन्हा जाण्यास १९२० साल उजाडले. स्वतःची शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना ह्या मित्राने दिलेले कर्ज, ह्यांच्या बळावर ते गेले. प्रश्न, गुरू आणि भाकर, ह्या तीन कसोट्या त्या एका चरित्रातच आपल्यापुढे आहेत. त्याच क्रमाने आपण त्यांचा विचार करू.

पहिली कसोटी प्रश्नाची. पुष्कळ विद्यार्थी आधी विद्यापीठाचे नाव ठरवितात आणि मग तेथे काय शिकावे ह्याचा विचार करतात. हा क्रम उलटा आहे. मला काय जाणून घ्यावयाचे आहे, हे आधी एका परिच्छेदात मराठीत लिहून काढा. गाव सोडून शहरात आलेल्या कुटुंबांतील नातेसंबंध कसे बदलले, हे एखादीला पाहावयाचे असेल. मग तिला समाज व संस्कृती ह्या शाखेचा विभाग हवा. कुपोषण मुलांच्या वाढीवर काय परिणाम करते, हे पाहावयाचे असेल, तर शारीरिक मानवशास्त्राची प्रयोगशाळा हवी. प्राचीन वसाहतींचा शोध घ्यावयाचा असेल, तर उत्खननाचा अनुभव असलेला विभाग हवा.

सर्वच ठिकाणी सर्व काही शिकविले जात नाही. अमेरिकेत चारही शाखा एका छपराखाली ठेवण्याची परंपरा आहे. ब्रिटनमध्ये बहुधा सामाजिक मानवशास्त्र वेगळे शिकविले जाते. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठाने १९२० साली आणि दिल्ली विद्यापीठाने १९४७ साली मानवशास्त्राचा विभाग सुरू केला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातही हे विभाग आहेत. पुरातत्त्व व भाषाशास्त्र ह्यांसाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे नाव जुने आहे. मुंबई विद्यापीठात मानवशास्त्राच्या प्रश्नांचा अभ्यास १९१९ साली सुरू झालेल्या समाजशास्त्र विभागातून होत आला. म्हणून दारावरची पाटी वाचून परतू नका. आत कोणते विषय शिकविले जातात, त्यांची यादी मागवा. आपला प्रश्न समाजशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या दाराआड बसलेला असण्याचा संभव आहे.

दुसरी कसोटी गुरूची. पदवीच्या वर्गात वीस अध्यापक असतात आणि एक वाईट निघाला तरी निभावते. संशोधनात मार्गदर्शक एकच असतो. त्याची निवड ही त्या काही वर्षांपुरती सोयरीकच समजा, आणि सोयरीक करताना आपण जितकी चौकशी करतो, तितकी येथेही करा. त्याचे अलीकडचे दोन लेख वाचा. त्याला थोडक्यात व स्पष्ट पत्र लिहा, आपला प्रश्न सांगा आणि तो नवे विद्यार्थी घेतो की नाही, हे विचारा. त्याच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्यांना गाठा. किती जणांचे प्रबंध पूर्ण झाले, किती वर्षांत झाले, ते आज कोठे काम करतात, आणि मतभेद झाल्यावर गुरू कसा वागतो, हे त्यांना विचारा. त्यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला डॉक्टरेटसाठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. कर्वे ह्यांनी कवट्या मोजल्या आणि गुरूच्या कल्पनेला दुजोरा न देणारा निष्कर्ष मांडला. त्यासाठी धैर्य लागले. परंतु प्रत्येक विद्यार्थ्याने सत्य सांगण्यासाठी गुरूशी झुंजावे, अशी अपेक्षा का ठेवावी? ज्याच्यापुढे सत्य निर्धास्तपणे मांडता येते, असाच गुरू शोधावा.

ह्याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ख्यातनाम समाजशास्त्रज्ञ म. ना. श्रीनिवास ह्यांनी १९४८ साली म्हैसूर संस्थानातील एका खेड्यात राहून अभ्यास केला. त्या खेड्याला त्यांनी रामपुरा असे नाव दिले. आपण ते गाव वरच्या जातींच्या बाजूने अधिक पाहिले, हे त्यांनी पुढे १९७६ सालच्या आपल्या ग्रंथात प्रांजळपणे मान्य केले. गावात अभ्यासक कोणाच्या ओसरीवर उतरतो, ह्यावर त्याला गाव कसे दिसणार हे अवलंबून असते. आपल्या मुलांना गावाची दुसरी बाजू जन्मापासून ठाऊक आहे. ही त्यांच्याजवळची मोठी पुंजी आहे.

परंतु ह्या पुंजीत एक धोकाही आहे, आणि त्याविषयी मला स्पष्ट बोलावयाचे आहे. असे काही विभाग असतात की, तेथे आपल्या समाजातून आलेल्या विद्यार्थ्याचे कौतुक होते ते त्याच्या अनुभवापुरते. त्याने वस्तीच्या कहाण्या सांगाव्यात, दुःखे सांगावीत, आणि त्यांचा अर्थ लावण्याचे काम दुसऱ्यांनी करावे! तो विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतो आणि माहिती पुरविणारा म्हणून बाहेर पडतो. अशा ठिकाणी जाऊ नका. ज्या विभागात तुम्हाला सिद्धान्त शिकविला जातो, तुमच्या तर्काची कठोर परीक्षा होते आणि तुम्हाला आपल्या जातीबाहेरचा विषयही निवडता येतो, तो विभाग तुमचा मान राखतो. महाराच्या मुलाने ब्राह्मणांच्या विवाहपद्धतीचा किंवा जपानच्या कारखान्याचा अभ्यास का करू नये? बाबासाहेबांनी १९१६ साली संपूर्ण जातिसंस्थेचा उगम हा विषय घेतला होता. केवळ स्वतःची कहाणी सांगून ते थांबले नाहीत.

तिसरी कसोटी भाकरीची. येथे पालकांनी विशेष लक्ष द्यावे. अमेरिकेतील चांगल्या विद्यापीठांत डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याची फी सामान्यतः माफ होते आणि अध्यापनात साहाय्य करण्याच्या मोबदल्यात त्याला निर्वाहवेतन मिळते. मात्र मानवशास्त्राची डॉक्टरेट तेथे बहुधा सहा ते आठ वर्षे घेते, म्हणून वेतन किती वर्षांचे लेखी मिळाले आहे, हे विचारावे. उन्हाळ्याच्या सुटीचे पैसे, क्षेत्रकार्याचा प्रवास आणि आरोग्यविमा ह्यांचीही चौकशी करावी. बहुतेक अर्ज डिसेंबरच्या सुमारास जातात. अर्जाची फी माफ करण्याची विनंती करता येते आणि ती करण्यात कमीपणा नाही. विद्यापीठांच्या आपसांतील ठरावानुसार वेतनासह मिळालेल्या प्रवेशाचे उत्तर १५ एप्रिलपूर्वी देण्याची सक्ती नाही. कोणी घाई केली तर गडबडू नका. २०२५ साली तेथील काही विद्यापीठांनी डॉक्टरेटचे प्रवेश कमी केले, म्हणून सर्व आशा एकाच देशावर ठेवणेही शहाणपणाचे नाही.

एम.ए.ची गोष्ट वेगळी आहे. ब्रिटनमध्ये ती एका वर्षाची असते. तेथे काय किंवा अमेरिकेत काय, तिची फी बहुधा विद्यार्थ्यालाच भरावी लागते. ह्या एका वर्षासाठी घर गहाण टाकू नका, जमीन विकू नका. शिष्यवृत्ती मिळाली तर जा. न मिळाली तर एम.ए. येथेच करा आणि डॉक्टरेटसाठी बाहेर पाहा. त्यात काही कमीपणा नाही.

शिष्यवृत्त्यांपैकी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे. परंतु तिच्या २०२२ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक संशोधन हे विषय वगळले. ह्याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्या प्रश्नाने आपल्या पिढ्या गांजल्या, तोच प्रश्न परदेशात जाऊन अभ्यासावा म्हटले, तर ह्या वाटेवर दार लागलेले! म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या त्या वर्षीचे नियम शब्दशः वाचा. देशात राहून संशोधन करणाऱ्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळू शकते. ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये करण्यात आली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, आणि पुण्याची बार्टी ही संस्थाही संशोधकांना साहाय्य करते.

नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांच्या मनात येथे एक शंका येते. दीक्षा घेतली, आता मुलाची शिष्यवृत्ती जाईल काय? ही भीती निराधार आहे. १९५६ नंतर केंद्राच्या सवलतींपासून बौद्धांना चौतीस वर्षे वंचित ठेवले गेले हे खरे. परंतु १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना त्या सवलती लागू झाल्या. आपण मूळ कोणत्या अनुसूचित जातीचे, ह्याचा लेखी पुरावा व प्रमाणपत्र मात्र पदवीच्या शेवटच्या वर्षापूर्वीच तयार ठेवा. कागद वेळेवर न मिळाल्याने प्रवेश हुकणे, ही टाळता येणारी आपत्ती आहे.

पैसा मध्येच थांबला तर काय होते, हेही ऐका. झोरा नील हर्स्टन ही अमेरिकेतील काळ्या समाजाची लेखिका बोआस ह्यांची विद्यार्थिनी होती. आपल्याच लोकांच्या लोककथा तिने गोळा केल्या आणि १९३५ साली तिचे पुस्तक बोआस ह्यांच्या प्रस्तावनेसह निघाले. त्याच सुमारास तिने डॉक्टरेटसाठी कोलंबियात नाव घातले. पण रोझेनवाल्ड निधीने देऊ केलेली शिष्यवृत्ती मध्येच कमी केली आणि ती पदवी झाली नाही. प्रश्न तिच्याजवळ होता, गुरूही थोर होता. भाकर तुटली.

ह्या तीन कसोट्यांच्या जोडीला एक चौकशी अवश्य करा. अन्याय झाला तर दाद कोठे मागावयाची? आपल्या देशातील विद्यापीठांत अनुसूचित जाती-जमातींसाठी कक्ष असतो. तो कागदावर आहे की कामावर आहे, हे तेथील विद्यार्थ्यांकडून समजून घ्या. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली भेदभावविरोधी नियमांत जातीचा उल्लेख केला. समुद्र ओलांडला म्हणजे जात मागे राहते, असे समजण्याचे कारण नाही.

आता पालकांना दोन शब्द सांगून मी आपली रजा घेतो. मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला वर्ष-वर्ष एखाद्या वस्तीत राहून लोकांशी बोलत बसावे लागते. शेजारी म्हणतील, मुलगा रिकामा फिरतो. तो रिकामा नसतो. ते त्याचे प्रयोगशाळेतील काम आहे. मुलगी असेल तर लग्नाचा तगादा लागेल. तिला प्रबंध पुरा करू द्या. घरची अडचण तिच्यापासून लपवू नका, पण अडचणीचा धाक दाखवून तिला मागेही ओढू नका. तिच्या शिष्यवृत्तीतून घरी किती पैसे येणार, ह्याचा हिशेब पहिल्या महिन्यापासून मांडू नका.

विद्यार्थी मित्रहो, घरी गेल्यावर तीन कागद घ्या. एकावर आपला प्रश्न लिहा. दुसऱ्यावर त्या प्रश्नावर काम करणाऱ्या पाच अध्यापकांची नावे लिहा. तिसऱ्यावर वर्षावार खर्च आणि तो कोठून येणार, हे लिहा. मग ते तिन्ही कागद आईवडिलांपुढे ठेवा आणि त्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवा. ज्या विद्यापीठाचे नाव तिन्ही कागदांना पुरे पडेल, तेथे अर्ज करा. नाव मोठे असूनही एखादा कागद कोरा राहत असेल, तर ते नाव सोडून द्या. आपल्या आजोबांची नाके मोजणारे आले, तेव्हा त्यांनी परवानगी विचारली नव्हती. त्यांच्या नातवंडांनी वही-पेन्सिल घेऊन लोकांच्या दारात जावे ते परवानगी विचारून जावे, आणि जो प्रश्न विचारतील तो स्वतःचा असावा.